दोघींत पाच जीव

लग्न होऊन मी राणीसावरगावात आले, तेव्हा मोठ्या जाऊबाई त्या घरात नऊ वर्षं नांदलेल्या होत्या. मी त्यांना आक्का म्हणायचे. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही, पण बोलणंही नव्हतं. भाजीत मीठ टाकलंय का, नळाला पाणी आलंय, आज रानात कोण जायलंय, एवढंच. मी बारावी झालेली, त्यांची शाळा सातवीत सुटलेली. मला वाटायचं, मी या घरात आलेलीच त्यांना रुचलेली नाही. त्यांना वाटायचं, मी मनातल्या मनात त्यांना हसते. हे त्यांनी फार नंतर सांगितलं. तोवर आठ वर्षं आम्ही एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींच्या हाताला हात लागू नये अशा बेताने वावरलो.

मग कोरोना आला आणि शाळा बंद झाल्या. माझी मुलगी दुसरीत होती. मास्तर अभ्यास फोनवर पाठवायला लागले, म्हणून आमच्या ह्यांनी स्वतःसाठी नवा फोन घेतला आणि जुना, एका कोपऱ्याला तडा गेलेला, माझ्या हातात दिला. आपला म्हणावा असा तो माझा पहिला फोन. त्यात एक गेम आधीपासून होता. चौकोनांत फळं मांडलेली असायची. आंबे, जांभळं, संत्री, पेरू. एकाला ढकलून शेजारी न्यायचं, एकाच जातीची तीन फळं ओळीत आली की ती फुटायची आणि वरून नवी पडायची. ठरलेल्या चालींत ठरलेली फळं फोडली तर पुढची लेव्हल, नाही तर एक जीव गेला. असे पाच जीव मिळायचे. पाचही गेले की थांबायचं. अर्ध्या तासाने एक जीव परत यायचा.

मुलगी ओसरीवर पाढे लिहीत बसली की मी शेजारी बसून तो खेळायचे. आवाज बंद करून. एका दुपारी अशीच बसले होते. समोर आक्का सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. एका चालीत बरीच फळं फुटली असावीत, मला हसू आलं.

"काय हसायलीस गं एकलीच?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजाने मी दचकले. चोरी पकडल्यासारखा फोन मांडीवर पालथा घातला. "काही नाही आक्का. गेम हाय."

"दाव की मला."

आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कसं खेळायचं ते सांगितलं. त्या नुसतं बघत राहिल्या. माझ्या दोन चाली उरल्या होत्या आणि पाच जांभळं फोडायची राहिली होती. मी वर कुठेतरी शोधत होते.

"वर काय बगायलीस? खालची बग की, कोपऱ्यातली. तो पेरू जरा हिकडं सरकव."

मी सरकवला. खालची ओळ फुटली, तिच्यामुळे वरची घसरली, ती फुटली, तिच्या शेजारची फुटली, आणि पडदा रंगांनी भरून गेला. मी सात-आठ दिवस ज्या लेव्हलवर अडकले होते ती त्यांनी एका बोटाने, तेही माझ्या, पार केली होती. आक्कांनी तोंडावर हात ठेवला. मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "आण बरं. मला करू दे."

त्यांचं बोट डाळीच्या भुशाने माखलेलं होतं. फोन काही ऐकेना. त्यांनी दोनदा दाबलं, तीनदा दाबलं, मग वैतागून बोट पदराला पुसलं आणि पुन्हा लावलं. फळ हललं. "हाललं बाई!" त्या म्हणाल्या. त्यांच्या दोन मुलांच्या बारशालाही त्यांचा एवढा आनंदी आवाज कुणी ऐकला नसेल, असं मला वाटलं.

तेव्हापासून आमचं सुरू झालं. मोठं असं काही नव्हतं. घरात बायकांना फुरसत म्हणून वेगळी मिळत नाही, ती कामांच्या फटींत सापडते. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. मोटार लावून टाकी भरेपर्यंत. पिठाची गिरणी वीज नाही म्हणून थांबलेली असेल तर गिरणीच्या पायरीवर. कापूस वेचताना दुपारी भाकरी खाऊन लिंबाखाली टेकलं की तेवढी दहा मिनिटं. गेमला नेटवर्क लागायचं नाही, त्यामुळे रानातही चालायचा. फोन मी पिशवीत, पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळतात तसा गुंडाळून न्यायचे.

नियम आक्कांनी घातले. एक जीव तुझा, एक माझा. खेळणारीने खेळायचं, दुसरीने बोलायचं नाही. हा दुसरा नियम त्यांनी स्वतः एक दिवसही पाळला नाही. पाचवा जीव कुणाचा, यावर पहिले काही दिवस आम्ही अडलो. मग त्यांनीच ठरवलं, आज जिने जास्त काम केलं तिचा. रोज त्याचा निवाडा व्हायचा. "तू धुणं धुतलंस, ते खरं. पण मी शेण काढलं अन् दोन हंडे जास्त आणले." मी म्हणायचे, "पण आक्का, धुण्यात गोधड्या होत्या." मग त्या जरा विचार करून म्हणायच्या, "गोधड्या व्हत्या व्हय? मग घे बाई, तुझा." लेव्हलला त्या पायरी म्हणायच्या. आज किती पायऱ्या झाल्या, ही पायरी लय वंगाळ हाय, असं.

खेळात त्या माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होत्या. मी समोर दिसेल ते फोडायचे. त्या थांबायच्या. एक फळ हलवलं की त्याच्या खालचं कुठे जाईल, त्याच्या मागून कोणतं येईल, असं त्यांना तीन-चार चाली पुढचं दिसायचं. मी एकदा विचारलं, "तुमाला हे कळतं कसं?"

"सागरगोट्यांसारखंच हाय की," त्या म्हणाल्या. "एक वर गेला की तो खाली यायच्या आत कोणते उचलायचे ते आधीच बघून ठिवायचं असतं."

त्यांचं माहेर वालूरचं. तिथल्या बारवेच्या पायऱ्यांवर त्या लहानपणी सागरगोटे खेळायच्या. गल्लीत त्यांच्यासारखं कुणी खेळत नव्हतं. मोठ्या पोरीसुद्धा आपल्या बाजूने खेळायला त्यांना बोलवायच्या. मग एका सकाळी आईने त्यांची सागरगोट्यांची पिशवी शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकली आणि सांगितलं, आता तू मोठी झालीस. त्याच वर्षी शाळाही सुटली. "शाळेचं एवढं न्हाई वाटलं बग मला," आक्का म्हणाल्या, "पण त्या पोरीला माझ्या सागरगोट्यांनी खेळताना बगून लय रडले. तिला नीट खेळायला पन येत नव्हतं."

हे सांगताना त्यांची नजर फोनवरच होती. एका हाताने फळं सरकवत होत्या. माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी फोनकडे बघत असलो की बोलणं सोपं जातं. एकमेकींकडे बघायचं नसतं, त्यामुळे आडपडदा राहत नाही. मी त्यांना हसते असं त्यांना वाटायचं, हे त्यांनी असंच एकदा सांगितलं. मीही सांगितलं की नवीन आले तेव्हा मी त्यांना इतकी भ्यायचे की भाकरी थापताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तर माझी भाकरी तुटायची. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुला मुद्दाम भाकरी करायच्या न्हाईत." आणि त्यांचा एक जीव हसण्यात गेला.

उन्हाळ्यात एकदा मात्र आमच्या खेळाने घात केला. कुरडयांचे दिवस होते. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून आम्ही दोघींनी आणि सासूबाईंनी मिळून अंगणात चार साड्या भरून कुरडया घातल्या होत्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या दुपारी आडव्या झाल्या आणि आक्कांनी मोटार लावली. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात, हे आम्हाला पाठ होतं. आम्ही जिन्याखाली बसलो. पायरी अवघड होती, शेवटचा जीव होता, आक्का खेळत होत्या. टाकी कधी भरली आणि कधी वाहायला लागली, दोघींनाही कळलं नाही. आत्याबाईंच्या ओरडण्याने आम्ही उठलो. गच्चीवरून पाण्याची धार पन्हाळ्यातून थेट अंगणात पडत होती आणि दोन साड्यांवरच्या कुरडया पुन्हा चीक झाल्या होत्या.

"दोघी लेकरांच्या माया," आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् जिन्याखाली बसून काय करायल्यात? कुणाच्या हातात व्हता तो डब्बा?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "माज्याच व्हता. ती नुसती बसली व्हती."

आठ वर्षं जिच्याशी मी नीट बोलले नव्हते, ती बाई सासूसमोर माझ्या पुढे येऊन उभी राहिली होती. मी मागून म्हणाले, "न्हाई आत्याबाई, फोन माझा हाय." तर आक्कांनी पाठीमागून माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

आत्याबाईंनी फोन आपल्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. दोन-तीन दिवस तो तिथेच होता. मुलीचा अभ्यास ह्यांच्या फोनवर चालला. आम्ही दोघी कुकरच्या शिट्ट्या मोजत नुसत्या बसायचो आणि एकमेकींकडे बघून हसू दाबायचो. मग एका सकाळी पेटी वाजायला लागली. सोनपेठला दिलेल्या आमच्या नणंदेचा फोन होता, हे आवाजावरून सगळ्यांना कळलं, कारण तिच्यासाठी वेगळी घंटी लावलेली होती. आत्याबाईंनी घाईघाईत कुलूप उघडलं, फोन काढला, पण तो उचलायचा कसा ते त्यांना येईना. वाजून वाजून बंद पडला. त्यांनी तो माझ्या मांडीवर टाकला. "घ्या तुमचं खेळणं. आधी माझ्या लेकीला लावून द्या."

त्या काळातली सगळ्यात सुखाची आठवण दवाखान्यातली आहे, हे विचित्र वाटेल. आत्याबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. गंगाखेडला ऑपरेशन ठरलं. आम्ही दोघी सोबत गेलो. त्यांना आत नेलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. आक्का पदराचं टोक पिळत होत्या. मी फोन काढून त्यांच्या हातात दिला.

ती पायरी आम्हाला महिनाभर सुटत नव्हती. फळांवर बर्फ साचलेला असायचा, आधी बर्फ फोडायचा, मग फळ, आणि चाली फक्त अठरा. त्या दिवशी माझे दोन जीव गेले, त्यांचे दोन गेले. शेवटचा उरला. "आज कुणी जास्त काम केलं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आज दोघींनीबी काय केलं न्हाई. दोघी मिळून खेळू." मग एक चाल त्यांनी, एक मी, असं करत गेलो. शेवटची चाल माझी होती. मी संत्र्यावर बोट ठेवलं. आक्कांनी नुसती मान किंचित हलवली. मी बोट काढून शेजारच्या पेरूवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. मी ढकललं.

बर्फ पूर्ण फुटला. आम्ही दोघी एकदम किंचाळलो. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कंपाउंडर धावत आला. "काय झालं? कोण पेशंट हाय तुमचा?" आम्हाला बोलताच येईना. आक्का माझ्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या आणि लांबून बघणाऱ्याला त्या रडतायत असंच वाटत असणार, कारण एक म्हातारी येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडू नको माय, देवाची मर्जी," असं म्हणाली. त्याने तर आम्हाला आणखीच आवरेना. थोड्या वेळाने आत्याबाईंना बाहेर आणलं, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. त्यांनी आत आमचा आवाज ऐकला होता. "काय झालं गं? कोन गेलं?" त्या विचारत होत्या. आक्का म्हणाल्या, "कुनी न्हाई गेलं आत्याबाई. पायरी गेली एक." आत्याबाईंना ते पायरीवरून कुणी पडलं असं वाटलं आणि त्या जीपमध्ये घरी येईपर्यंत कोण पडलं, किती लागलं, असं विचारत राहिल्या.

असं साडेतीन वर्षं चाललं. मग आक्कांच्या थोरल्या मुलीला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मोठ्या भावजींना, म्हणजे आक्कांच्या मालकांना, तिथल्याच एका कंपनीत वॉचमनचं काम बघून दिलं होतं गावच्याच कुणीतरी. पोरीला एकटं ठेवण्यापेक्षा सगळ्यांनीच जावं, असं ठरलं. रान आम्ही करायचं. कुणी कुणाशी भांडलं नाही, काही तुटलं नाही. सगळं समजुतीने झालं. त्यामुळे रडायलाही कारण नव्हतं.

शेवटच्या आठ दिवसांत आम्ही एकदाही खेळलो नाही. आधी बांधाबांध होती. गव्हाचे डबे, पांघरुणं, मुलांचे कागद. मी मनाशी ठरवलं होतं, निघायच्या दिवशी सकाळी दहा मिनिटं का होईना बसायचं. पण त्या दिवशी ह्यांचा फोन बिघडला आणि ते सोयाबीन घेऊन मोंढ्याला जाताना माझा फोन घेऊन गेले. अडल्याला फोन लागतो, मी नाही कसं म्हणणार? टेम्पो दहाला आला. आक्कांनी आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं, मग माझ्याकडे आल्या. आजूबाजूला गल्ली जमलेली होती.

"फोन कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हे घेऊन गेले."

"आसू दे," त्या म्हणाल्या. "पायरी सोडू नको. खेळत राहा." आणि टेम्पोत चढून सामानाच्या पुढे, मुलाच्या शेजारी बसल्या. मी हात हलवला का नाही, आता आठवत नाही. त्यांनी पदर डोक्यावर घेताना पिनेने बोट टोचलेलं मला दिसलं होतं, त्याच्यावर काही बांधायला द्यावं एवढंच माझ्या मनात घोळत राहिलं.

पुण्यात त्यांना तीन महिन्यांनी स्वतःचा फोन मिळाला. पुतणीने त्यात तोच गेम टाकून दिला आणि आमचे दोघींचे गेम एकमेकींना जोडूनही दिले. तेव्हा मला कळलं की एकीला दुसरीला जीव पाठवता येतो. बटण दाबलं की दुसरीच्या फोनवर लाल बदाम येतो, 'तुमच्यासाठी एक जीव आला आहे' म्हणून. आक्का एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागल्या होत्या. दुपारी जेवणाची पंगत उठली की त्यांना पंधरा मिनिटं मोकळी मिळायची. रोज अडीच-पावणेतीनला माझ्या फोनवर बदाम यायचा. मी कुठेही असले, खुरपत असले, भांडी घासत असले, तरी हात पुसून आधी त्यांना परत पाठवायचे. फोन करून बोलायला दोघींनाही जमायचं नाही. त्या घरी यायच्या तेव्हा थकलेल्या असायच्या, मी मोकळी व्हायचे तेव्हा त्या कामावर. पण अडीचला बदाम आला म्हणजे आक्का बसल्या, पाय लांब केले, पाणी प्यायल्या, एवढं मला दिसायचं. रविवारी यायचा नाही, म्हणजे सुट्टी. एकदा मंगळवार-बुधवार दोन दिवस आला नाही, तर मी घाबरून पुतणीला फोन लावला. तापाने झोपून होत्या.

हे वर्षभर चाललं असेल. मग बदाम यायचा थांबला. मी चार दिवस वाट बघितली आणि फोन केला.

"अगं फोन पाण्यात पडला माजा," आक्का म्हणाल्या. "पोरीनं दुसरा आणला, पन त्यात ते सगळं पुसून गेलं म्हनं. पयल्यापासून खेळावं लागतंय."

"मग खेळा की पहिल्यापासून. तुमाला काय, आठ दिवसांत पोचाल."

"एकटीनं पयल्यापासून कोन खेळतंय बाई," त्या म्हणाल्या. मागून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

मागच्या उन्हाळ्यात पुण्यात एक लग्न होतं. त्या निमित्ताने मी दोन दिवस त्यांच्याकडे राहिले. कंपन्यांच्या भागात दोन खोल्या, वर पत्रा. आक्का बारीक झाल्या होत्या. गाऊनवर ओढणी घेऊन मला आणायला रस्त्यावर आल्या, तर मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. कँटीनमध्ये आता पोळ्यांचं मशीन आलंय, म्हणाल्या. "मशीन पोळ्या करतंय. मी नुसत्या थप्प्या लावायच्या. दिसभर हुबं." त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. रविवारी दुपारी जेवणं झाली, बाकी सगळे झोपले. पंख्याखाली आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. मी फोन काढला.

"आक्का, एक पायरी?"

त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं. मी बरीच पुढे गेले होते. आता फळांच्या जोडीला साखळ्या होत्या, पिंजरे होते, कसल्या कसल्या बाटल्या होत्या. "हे काय हाय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बोट लावलं. चार-पाच चाली केल्या, पण त्यांना आधी दिसायचं तसं पुढचं काही दिसेना. जीव गेला. दुसराही गेला. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"तू खेळ. मी बगते."

मी खेळत राहिले. मधेच मला त्यांना विचारायचं होतं, पेरू सरकवू का संत्रं, तर खांद्यावर वजन आलं. त्यांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, श्वास जड. त्यांच्या हाताच्या मनगटावर भाजल्याचे जुने काळे डाग होते, एकावर एक. मी खांदा हलू न देता एका बोटाने खेळले. उरलेले जीव एक एक करून गेले. मग खेळायला काही नव्हतं, पण फोन बाजूला ठेवायला हात हलवावा लागला असता. तसाच धरून बसले. पंखा गरगरत होता. त्या दुपारएवढी मला त्यांच्याजवळ बसून त्यांची आठवण कधी आली नव्हती.

यंदा महालक्ष्म्यांना त्या येणार होत्या. आमच्याकडे थोरली आणि धाकटी अशा दोन्ही महालक्ष्म्या बसतात आणि थोरलीला साडी नेसवायचं काम आक्कांचं, धाकटीला माझं. दोन वर्षं त्या जमेल तशा आल्या. यंदा सुट्टी मिळाली नाही. दोन्ही साड्या मी एकटीने नेसवल्या. थोरलीच्या निऱ्या काही केल्या त्यांच्यासारख्या बसेनात. आत्याबाई आता जाडसर चष्म्यातून बघत शेजारी बसल्या होत्या. "तिचा हात न्हाई लागला," एवढंच म्हणाल्या.

पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, नैवेद्य, सगळं आटोपता आटोपता अडीच वाजून गेले. हात धुऊन मी आक्कांना व्हिडिओ कॉल लावला. त्या कँटीनच्या मागे, रिकाम्या क्रेटवर बसलेल्या होत्या, डोक्याला जाळीची टोपी घालून. मी फोन महालक्ष्म्यांसमोर धरला.

"जरा डावीकडं घे," त्या म्हणाल्या. "थोरलीचा पदर उतरलाय बग. खांद्यावरनं वर वढ. हां. आता मंगळसूत्र सरळ कर. मुखवट्याखाली कापूस कमी झालाय का गं?"

मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने त्या सांगतील तसं करत होते. पदर वर ओढला, मंगळसूत्र सरळ केलं, मानेखाली कापूस सारला. आक्का पुढे वाकून बघत होत्या, जणू जाळीच्या टोपीसकट पडद्यातून आत येणार होत्या.

"आता बरी दिसायली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात जोडले. तेवढ्यात त्यांच्या मागे कुणीतरी बाई म्हणाली, "चला मावशी, दुसरी शिफ्ट आली."

"जाते गं," आक्का म्हणाल्या. "पुरण गोड झालंय का?"

"झालंय. तुमाला ठिवलंय असं म्हणता येईना बघा."

त्या हसल्या, आणि फोन बंद झाला. दारात हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. चपलांचे आवाज यायला लागले होते. मी फोन खिडकीत ठेवला आणि करंडा घेऊन उठले.